पानाच्या शिरा

अमरावतीचे आमचे घरमालक दर रविवारी संध्याकाळी टीव्ही पाहायला जात. कुणाच्या घरी नव्हे, दुकानात. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात चष्म्याची डबी आणि डबीत चष्म्याच्या जोडीला एक लहानसं भिंग. ते भिंग मुळात संत्र्याच्या पानामागची कीड पाहण्यासाठी घेतलेलं. दुकानात शिरले की काका सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात महाग टीव्हीसमोर उभे राहत. आधी लांबून पाहत, मग हळूहळू जवळ सरकत आणि शेवटी एक डोळा मिटून भिंग सरळ पडद्यावर टेकवत. पडद्यावर कुठल्या तरी परदेशी समुद्रातले मासे पोहत असायचे. काका एका माशाच्या अंगावर भिंग धरून उभे, आणि मासा भिंगाखालून केव्हाच निघून गेलेला.

"तीनच रंग हायेत, मास्तर," एकदा ते मला म्हणाले. "लाल, हिरवा, निळा. बाकी सारा भास हाय."

दुकानातल्या लोकांना त्यांची सवय झाली होती. मॅनेजर त्यांच्यासाठी खुर्ची टाकायला सांगायचा. एखादा नवीन विक्रेता रिमोट घेऊन उत्साहाने पुढे यायचा, पडदा किती बारीक आहे, काळा रंग किती काळा दिसतो, सगळं समजावून सांगायचा. काका मान हलवत सगळं ऐकून घेत आणि मग विचारत, "अन् पुढच्या वर्षी काय येऊन राह्यलं?" विक्रेता भोळेपणाने तेही सांगून टाकायचा. काका समाधानाने उठत, त्याचे आभार मानत आणि घरी येत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचो. त्यामुळे वीज, प्रकाश, काच, पडदा या बाबतीत त्या घरात माझा शब्द शेवटचा मानला जाई. मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या आवडीचा हात आहे.

मोर्शीच्या बाजूला काकांचा संत्र्याचा बगीचा. संत्रा पिकवणाऱ्याला झाडांना ताण द्यावा लागतो. म्हणजे बहार धरायची असेल तर त्याआधी झाडाचं पाणी तोडायचं. विहिरीत पाणी दिसत असताना झाड तहानलेलं ठेवायचं. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग बरोबर वेळ साधून ताण तोडायचा, हलकं पाणी द्यायचं. काही दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते. जास्त झाला तर फांद्या वाळतात. पाणी बंद कुणीही करू शकतो. ते परत कधी सोडायचं, हे कळण्यात सगळी कला. त्या कलेत काकांचं नाव होतं. दुसरे बागायतदार त्यांना गाडीत घालून आपल्या बगीच्यात नेत. काका झाडाखालची पानं उचलून तळहातावर चुरगाळत, वास घेत आणि म्हणत, "अजून थांब." किंवा म्हणत, "आजच सोड. उद्या नको." लोक ऐकत, आणि काकांचं खरंही ठरे.

घोटाळा एवढाच होता की झाडाला लागू पडणारी ही गोष्ट त्यांनी सगळ्या जगाला लावली होती.

दाराची पहिली बेल वाजली तर ते उठत नसत. "काम असन तं मानूस पुन्हा वाजवते," असं त्यांचं म्हणणं. गॅसवाला, दूधवाला, पाहुणे, सगळ्यांना हे ठाऊक झालेलं. त्या घराची बेल सगळे दोनदाच वाजवत. चहा समोर आला की ते तो तसाच ठेवून बसत. तलब जमू द्यावी लागते, म्हणत. म्हणून काकू त्यांचा चहा शेवटी आणि उकळता आणत, म्हणजे तलब जमेपर्यंत तो निदान कोमट तरी राहील. स्वतःच्या बगीच्यातलं संत्रं शेवटचा ट्रक निघून गेल्याशिवाय ते तोंडात घालत नसत. मुलीने कॉलेजला जाण्यासाठी स्कूटी मागितली होती. ती दारात आली तेव्हा कॉलेज संपत आलं होतं. पण लग्नानंतर मुलीने ती पुण्याला नेली आणि अजून मोडीत काढली नाही, हे काका येईल त्याला सांगायचे.

आणि ताणाचा त्यांचा सिद्धांत खोटा होता असं मला म्हणता येत नाही. माझ्या खोलीत कूलर बसवून द्यायचं त्यांनी मार्चमध्ये कबूल केलं होतं. एप्रिल गेला. मे महिन्यात वरच्या मजल्यावरचा तो स्लॅब असा तापायचा, की संध्याकाळीसुद्धा भिंतीला पाठ टेकवत नसे. मी दर दोन दिवसांनी आठवण करायचो, काका म्हणायचे, "हाव ना, येऊन राह्यला." मे संपता संपता एक दिवस क्लासवरून आलो तर कूलर लागलेला. त्यात ताजा वाळा भरलेला. पाणी काकांनी स्वतः बादल्यांनी वर आणून ओतलेलं. मी दारातच उभा राहिलो आणि ती ओली, वाळ्याची हवा अंगावर आली. त्यानंतर मी एसीच्या खोल्यांत राहिलो आहे, बैठकांना बसलो आहे. तशी हवा पुन्हा अंगावर आली नाही. काका माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"मार्चात देला असता तं एवढा लागला असता काय?"

मी नाही म्हणालो. त्या दिवशी मी त्यांचा शिष्य झालो.

काकूंनी मात्र कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर हा प्रयोग करायची वेळच आली नव्हती.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा बगीचा नवीन होता. विहिरीजवळची एक अख्खी ओळ त्यांनी आपल्या हाताने लावलेली. तेव्हा पाइप टाकलेला नव्हता, म्हणून कलमांना बादलीने पाणी घालून त्यांनी ती जगवली. त्या ओळीत एक झाड दरवर्षी सगळ्यांच्या मागून फुलायचं. त्याला त्या आळशी म्हणत. मुलीच्या शाळेसाठी बिऱ्हाड अमरावतीला आलं, पुढे काकूंचे गुडघे गेले आणि बगीचा सुटला. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत जायची. तिथून पुढे काळ्या मातीची पांदण, गाडीचाक बुडवणारी. एकदा हट्टाने गेल्या, पांदणीच्या तोंडाशी गाडीत बसून राहिल्या आणि परत आल्या. पुन्हा जाते म्हणाल्या नाहीत. काका मोर्शीहून आले की त्या पाण्याचा तांब्या देताना एवढंच विचारत, "आळशी फुललं काय?" काका पाय धुता धुता म्हणत, "बहार बरी हाय." त्यांना झाडं ओळीने माहीत होती, काकूंना एकेक करून.

एका रविवारी काकूंचा मिक्सर जळाला. बदलून आणायचा होता, म्हणून त्याही आमच्याबरोबर ऑटोत बसून दुकानात आल्या. काका सवयीप्रमाणे मोठ्या टीव्हीकडे वळले आणि काकूही त्यांच्या मागे हळूहळू आल्या. त्या दिवशी पडद्यावर मासे नव्हते. एक पान होतं. एकच पान, अख्ख्या पडद्याएवढं. त्यावर दव पडलेलं आणि एक मुंगळा कडेकडेने चालत होता. फोर के नावाचं प्रकरण तेव्हा आमच्याकडे नुकतंच आलं होतं. काकूंनी एका हाताने खुर्चीची पाठ धरली आणि त्या पाहतच राहिल्या.

"अवं माय, शिरा-शिरा दिसून राह्यल्या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, आपला बगीचा असा दिसन काय याच्यात?"

मी सांगितलं, की हो, आता चांगल्या मोबाइलमध्येसुद्धा एवढं स्वच्छ चित्रण होतं. कुणीतरी बगीच्यात जाऊन ते करायचं, पेनड्राइव्हमध्ये घालायचं, टीव्हीला लावायचं.

"आळशीच्या पानाच्याई शिरा?"

"हो काकू. मुंगळासुद्धा दिसेल."

त्या काकांकडे पाहून म्हणाल्या, "घ्या ना मंग."

एवढंच. आवाज काही चढवला नाही, हट्ट केला नाही. पण काकांनी भिंग डबीत ठेवलं, डबी खिशात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. काकूंकडे नाही, माझ्याकडे.

"काय म्हन्ता मास्तर? आता घ्याव का थांबाव?"

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "थांबा काका. हे आत्ताच आलंय. वर्ष-दीड वर्षात भाव निम्म्यावर येईल आणि वस्तूही सुधारेल." माझं बोलणं अगदी बरोबर होतं. पुढे तसंच झालं. माझी पंचाईत हीच आहे, की मी चुकीचं काही सांगितलंच नाही.

आम्ही मिक्सर घेऊन घरी आलो.

काका कंजूष होते असं या हकिगतीवरून कुणाला वाटेल, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. पैशासाठी ते थांबले नव्हते. काकूंना जे द्यायचं ते सगळ्यात चांगलं द्यायचं आणि अशा वेळी द्यायचं की त्यांना ते पुरतं लागावं, असं त्यांच्या मनात होतं. पुढच्या जिन्यावर बसून एकदा मला म्हणाले, "तिले शिरा पाहाच्या हायेत ना, मंग मोजून पाहू दे. अर्धवट काऊन द्यायचं? तुमी पाहाल, ज्या दिवशी येईन त्या दिवशी कशी फुलन थे." माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा माझा कूलर होता. मी मान हलवली.

भाव उतरला तेव्हा त्याहून पातळ पडदे आले होते. ते घ्यावेत तर रंगांची नवी पद्धत येणार असं दुकानात कळलं. मग एट के आलं. काका म्हणाले, आज चार घेतला तर उद्या जुना. मी म्हणालो, आठ आत्ता घेण्यात अर्थ नाही, कारण त्यात दाखवायला काही तयारच होत नाही. शिवाय तुमच्या बैठकीच्या खोलीत बसून एवढ्या अंतरावरून डोळ्याला चार आणि आठातला फरक कळणारही नाही. हे मी त्यांना कागदावर डोळा, पडदा आणि त्यांमधला कोन काढून समजावलं. काका त्या आकृतीवर खूश झाले. दोघं मिळून आम्ही असे तासन् तास बोलायचो. काकू आतून ऐकत असतील. मुंगळ्याबद्दल आमच्यापैकी कुणी बोलत नव्हतं.

मी बगीच्यात जाऊन त्या झाडांचं चित्रण तेव्हाच करून ठेवू शकलो असतो. टीव्ही मागून आला असता तरी चाललं असतं. माझ्याकडे मोबाइल होता, सुटीचा दिवस होता, मोर्शीची बस होती. हे मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं असतं तरी मी म्हटलं असतं, पुढच्या वर्षी जरा बरा मोबाइल घेऊ, मग करू.

पुढे मला अकोल्याला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. लग्न झालं, बिऱ्हाड झालं. काकांचा रविवारचा फोन मात्र सुटला नाही. दुकानातून घरी आले की ते फोन करत. काय नवीन आलं, काय येणार आहे, पडदा मागून उजळतो की ठिपका ठिपका स्वतः उजळतो, ठिपके जळतात म्हणतात ते खरं काय. मी शनिवारी इंटरनेटवर वाचून ठेवायचो, म्हणजे रविवारी कमी पडायला नको. माझी बायको हे ऐकत भाजी चिरायची. एकदा म्हणाली, "तुमी दोघं टीव्हीच्या गोष्टी एवढ्या करता, का घ्यायची गरजच नाई पडत." आमच्याकडेही जुनाच टीव्ही होता. अजून आहे. त्यावर पावसाळ्यात एक आडवी रेघ येते.

आधी आधी काका दुकानातून आले की काकू विचारायच्या, "काय पाहून आले?" नंतर नंतर त्यांनी विचारणं सोडलं. हे मला काकांनीच फोनवर सांगितलं आणि सांगताना त्यांच्या आवाजात समाधान होतं.

"आता तोंडातून नावई नाई काढत. ताण बसून राह्यला, मास्तर."

मी हसलो होतो. त्या हसण्याचा आवाज मला आता अधूनमधून ऐकू येतो, वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना.

अशाच एका रविवारी नव्या पडद्याविषयी बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की जुन्या झाडांची शेवटची उरलेली, विहिरीजवळची ओळही काढून टाकली. झाडं म्हातारी झाली होती, फांद्या वाळत चालल्या होत्या, फळ धरत नव्हती. जेसीबी लावून मुळासकट उपटली, आता तिथे नवीन कलमं लावायची. बागायतदाराच्या हिशोबाने यात काही गैर नव्हतं. माझ्या मनात मात्र काहीतरी हललं. विहिरीजवळची म्हणजे काकूंची, हे मला आठवलं. फोन कानाला होता, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात काकांनी विचारलं, की जपानी कंपनीचा पडदा बरा का कोरियन. आणि मी ते सांगू लागलो.

काकूंना ही बातमी कधी आणि कशी कळली, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी काकांचा फोन आला. रविवार नव्हता. म्हणाले, "मास्तर, ताण तोडला." मला आधी वाटलं बगीच्याबद्दल बोलताहेत. ते टीव्हीबद्दल बोलत होते. सगळ्यात मोठा, एट के. भाव बराच उतरला होता आणि त्यांच्या मते आता याहून बारीक काही येण्यासारखं उरलं नव्हतं. शिवाय बहार ऐन भरात होती. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका माणसाला त्यांनी मोठ्या कॅमेऱ्यासकट बगीच्यात नेलं, दिवसभर फिरवलं. फुलं, पानं, माश्या, सगळं काढून घेतलं. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. काकू हायेत तोवर आला."

त्यानंतर एक-दोन रविवार फोन आला नाही. मग आला तो असा, "मास्तर, पडदा बरोबर नाई. तुमी येऊन पाहाना एकडाव." दुकानातून माणूस येऊन पाहून गेला होता. तो म्हणाला, काही दोष नाही. काकांचा विश्वास बसत नव्हता.

मी मूर्तिजापूरवरून जाणारी सकाळची बस धरली आणि अमरावतीला गेलो. दारात उभं राहून बेल वाजवली. दुसऱ्यांदा वाजवायला हात उचलला होता, तेवढ्यात दार उघडलं. काका दारामागेच उभे असावेत.

बैठकीतलं कॅलेंडर आणि घड्याळ काढून बाजूच्या भिंतीवर नेलं होतं. समोरची सगळी भिंत टीव्हीने घेतली होती. काकांनी मला बसूही दिलं नाही, सुरूच केलं. मी खूप टीव्ही पाहिले आहेत, पण तसं चित्र पाहिलं नव्हतं. संत्र्याचं फूल परातीएवढं. पाकळीवर परागाची पिवळी धूळ. मधमाशीच्या मागच्या पायावरची लव. आणि पान. त्याच्या मधली शीर, तिच्या बाजूच्या शिरा, त्यांच्यामधली बारीक जाळी, पानावरचे तेलाचे ठिपके, सगळं.

काकू स्वयंपाकघराच्या दाराशी खाली पाय लांब करून बसल्या होत्या. मेथी निवडत होत्या. टीव्हीकडे पाठ होती.

"अवं, पाय ना," काका टीव्हीकडे हात करून म्हणाले. "मास्तर आले अकोल्याहून."

"या मास्तर. सूनबाई बरी हाय ना?"

"अवं, इकडे पाय."

"पायलं की."

"आता मास्तर सेटिंग करून राह्यले. मंग पाय."

मी रिमोट घेतला. रंग पाहिले, उजेड पाहिला, चित्र पूर्ण बारकाईने येतंय का ते तपासलं. काकांनी डबीतलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. ते मी पडद्यावर टेकवलं. लाल, हिरवा, निळा. कुठे काही चुकलं नव्हतं. तरी मी दोन गोष्टी उगाच इकडच्या तिकडे केल्या, म्हणजे काहीतरी केलंसं वाटावं. काकांनी पुन्हा हाक मारली. काकूंनी मान वळवली आणि शेजारणीने आणलेलं लुगडं पाहावं तेवढा वेळ पडद्याकडे पाहिलं. "चांगलं हाय," म्हणाल्या. आणि जुडीतली पुढची काडी उचलली.

काका माझ्याजवळ सरकले. हळू आवाजात म्हणाले, "पायलं ना तुमी? म्हनून म्हन्तो, चित्र बरोबर नाई. बरोबर असतं तं अशी पाहिली असती काय थे?"

माझ्यासाठी काही आणायला म्हणून काका कोपऱ्यावर गेले. टीव्ही सुरूच होता, आवाज नव्हता. मी काकूंजवळ जाऊन खाली बसलो. मला काय विचारायचं होतं ते नीट जमेना. चित्र चांगलं आहे, असंच काहीतरी म्हणालो.

"हाव," त्या म्हणाल्या. "मी कुठी नाई म्हनलं?"

मग पुन्हा मेथी निवडू लागल्या. पानं ताटात, काड्या कागदावर.

"त्याच्यात माह्यं एकई झाड नाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "सारी नवीन हायेत. चांगली हायेत, पण मले कोनतंच ओळखू नाई येत."

मी म्हणालो, "काकू, थांबा म्हणून मीच सांगत होतो काकांना. दरवेळी."

"खरंच सांगतलं असन तुमी. तुमाले समजते त्यातलं." टोमणा नव्हता. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलंही नाही. "अन् आता थे झाडं असते ना, तरी मले नाई वाटत मी पाहिलं असतं. तवा लय वाटे. ह्यायच्या येण्याची वाट पाहो मी दर रविवारी. मंग नाई वाटलं. असं काई ठरवून नाई झालं." त्यांनी ताट जरा बाजूला सरकवलं. "ह्यायले नका सांगू. त्यायले वाटते टीव्ही खराब हाय. वाटू द्या."

तेवढ्यात काका कचोऱ्या घेऊन आले. आम्ही खाल्ल्या. त्यांच्यापुढे चहा आला तो त्यांनी लगेच उचलला आणि गरमच प्याले, जीभ भाजली असावी. टीव्हीवर बगीच्याचं चित्रण संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कुणी ते बंद केलं नाही आणि कुणी पाहिलंही नाही.

निघताना काका फाटकापर्यंत आले. त्यांच्या हातात रिमोट तसाच होता. मला म्हणाले, "दोष हाय ना पडद्यात? दुकानवाला खोटं बोलून राह्यला असन." मी हो म्हणावं असं काकूंचं मागणं होतं. नाही म्हणावं तर ते खरं होतं. एवढी वर्षं खरं सांगून मी जे केलं ते आत मेथी निवडत बसलं होतं. मी फाटकाची कडी काढली. काका माझ्याकडे पाहत राहिले, आणि मला वाटतं, त्यांना तिथेच कळलं. कदाचित आधीच कळलं असेल आणि कुणीतरी समोर उभं असल्याशिवाय ते बोलता येत नसेल.

"झाड पानं गाळते, मास्तर," ते म्हणाले. "म्हनून समजते, का आता पानी सोडा लागते. हिनं एकई पान गाळलं नाई."

रस्त्यावरून एक ऑटो गेला, पुढे जाऊन थांबला. मला हात करायचा होता, केला नाही.

"एखांद्या वर्षी ताण जास्त होते," काका म्हणाले. "त्या वर्षी झाड नाई फुलत. काई फांद्या वाळते. पन दुसऱ्या वर्षी फुलते कधीकधी. फुलते ना, मास्तर?"

हे त्यांनी मला विचारलं. ज्यांच्या चुरगाळलेल्या पानावर लोक आपल्या बगीच्याचं पाणी सोडत, त्यांनी मला, ज्याने आयुष्यात एक कुंडी जगवलेली नाही. ते माझ्या तोंडाकडे तसेच पाहत होते, जसे ते त्या रविवारी दुकानात पाहत होते, भिंग खिशात ठेवून. मला काहीतरी दुसरं बोलायचं होतं. आत जा, काकूंजवळ खाली बसा, टीव्ही बंद करा, त्या आळशी झाडाचं विचारा, असं काहीतरी. ते तोंडापर्यंत आलंही असेल.

"थांबून पाहू, काका," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. फाटकाची कडी लावून ते घाईने आत गेले.